नववं मिनिट

चौथ्याच मिनिटाला रॉकेट उपग्रहासकट समुद्रात पडलं. नियंत्रण कक्षातल्या श्रीरंगने मात्र ते पडलंच नाही असं ठरवून टाकलं आणि कानावरचा हेडफोन काढला नाही.

कारण अजिबात शास्त्रीय नव्हतं. त्याची बायको मृणाल पाच महिने भर महासागरात, रॉकेटचा माग घेणाऱ्या जहाजावर होती. तिथला फोन फक्त कामापुरता. नवव्या मिनिटाला रॉकेट जहाजावरून गेलं, की ती सगळ्या कक्षाला सांगणार होती, "जहाजावरून बोलतेय. सिग्नल मिळाला." पाच महिन्यांत तेवढेच चार शब्द. उड्डाण दोनदा पुढे ढकललं गेलं, तेव्हा हा दोन्ही वेळा दाढी करून, नवा शर्ट घालून आला होता. आज तिसरा शर्ट.

"ऊठ रे," कक्षप्रमुख दिवेकर मॅडम म्हणाल्या. "पडलं ते. मासे बघतायत आता उपग्रह."

"नऊ मिनिटं कुठे झालीत, मॅडम?"

"मग? माशांचा सिग्नल मिळाला म्हणून सांगणारे का ती?"

"चालेल की."

नववं मिनिट आलं. कानात नुसती खरखर. त्याने ती मिनिटभर मन लावून ऐकली.

संध्याकाळी अपघाताचा फॉर्म आला. श्रीरंगने सूचनांच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'यापुढे रॉकेट पडले तरी जहाजाने नवव्या मिनिटाला ठरल्याप्रमाणे बोलावे. उचित कार्यवाहीस्तव सविनय सादर.'