सरकणारी पट्टी

सून परगावी बसून कॉम्प्युटरवरची पट्टी सरकवते, आणि माझ्या खोलीतल्या स्पीकरचा आवाज कमीजास्त होतो. मला ऐकू कमी येतं म्हणे. मी म्हणते, तुम्हीच पुटपुटता.

आज दुपारी त्याच स्पीकरमधून ती म्हणाली, "आई, तुमच्या खोलीत आणखी एक यंत्र जोडलेलं दिसतंय. नाव आहे 'अहो'. तुम्ही जोडलंत?"

"मी? मला रिमोट चालवता येत नाही, बाई."

अहो म्हणून मी जन्मात एकालाच हाक मारली. त्यांना जाऊन वर्ष झालं.

"मग काढून टाकते."

"हात लावशील तर खबरदार!"

मी केस सावरले आणि म्हटलं, "अहो, हिचा आवाज जरा वाढवा."

"आई, पट्टी आपोआप वर चाललीय..."

सून अगदी कुजबुजत बोलली, तरी शब्द न् शब्द ऐकू आला.