रोविनाचं नाक

रोविनाचं नाक गेलं, हे एप्रिलमधल्या एका मंगळवारी कळलं.

जानेवारीपासून ती रॉचेस्टरला होती. आधी इस्पितळात, मग बहिणीकडे. केमोच्या औषधांच्या सगळ्या फेऱ्या संपल्यावर हॉलिसने तिला घरी आणलं. गाडीतून उतरल्यावर ती घरात गेलीच नाही. काठी टेकत सरळ तळघराकडे निघाली.

सेनेका तळ्याच्या उतारावर त्यांची द्राक्षबाग होती. बाग हॉलिसची, तळघर रोविनाचं, ही एकवीस वर्षांची वाटणी. वाईन कधी तयार झाली, कुठलं पिंप कुठल्यात मिसळायचं, हे रोविनाचं नाक ठरवायचं. हॉलिस त्यात बोलत नसे.

खाली क्लेटन होता. तळघरातला जुना माणूस.

"या सरकार," तो म्हणाला. "तुमच्यामागे आम्ही दोघांनी इथेच संसार थाटला होता. वर बघा, छताची तुळईसुद्धा बदलली."

"म्हणजे मी मेले असं धरूनच चालला होतात."

"छे. मेला असतात तर रंगही दिला असता."

ती हसली. हॉलिसने पिंपातून थोडी लाल वाईन काढून पेला तिच्या हातात दिला. तिने तो नाकाशी नेला आणि लगेच खाली घेतला.

"हिला बुचाचा वास लागलाय. ओल्या पुठ्ठ्यासारखा."

"अगं, ही अजून बाटलीत गेलीच नाही. बुचाचा वास कुठून लागणार?"

हॉलिसने वास घेतला. क्लेटनने घेतला. दोघांनाही काही जाणवलं नाही. दुसरं पिंप उघडलं, मग तिसरं. प्रत्येक वेळी रोविनाने मान हलवली. पुठ्ठा.

ती पायरीवर बसली.

"तिन्ही पिंपं एकदम बिघडत नाहीत," ती म्हणाली. "तुम्हा दोघांना येत नाही, मला सगळीकडे येतो. म्हणजे वास माझ्यातच आहे."

डॉक्टर म्हणाले, या औषधांनी असं होतं. कधी परत येतं, कधी नाही.

त्यानंतर ती तळघरात उतरली नाही. आपले पेले तिने फडक्यात गुंडाळून क्लेटनला देऊन टाकले. खाली शेगडीवर सूप करपलं की तिला वरच्या खोलीत कळायचं. हॉलिस म्हणायचा, चला, एवढं तरी राहिलं. कोणी वाईनचं विचारलं तर ती सांगायची, "मला नका विचारू. आता मला काही कळत नाही त्यातलं."

ऑक्टोबरमध्ये तोडणी चालू असताना ती गेली. हॉलिस तेव्हा बागेत होता. खबर आल्यावर त्याने हातातली पाटी रिकामी केली, कात्री पुसली आणि मग घराकडे निघाला. पुढचे सगळे महिने त्याने असेच काढले. एक काम संपलं की दुसरं.

तिची शेवटची वाईन त्याने आणि क्लेटनने मिळून बाटल्यांत भरली. काय कशात मिसळायचं ते दोघांनीच ठरवलं. लेबलावर तिचं नाव घातलं.

तळ्याकाठच्या वाईनवाल्यांची एक रीत आहे. वर्षभरात आपल्यातलं कोणी गेलं असेल, तर जुलैच्या जत्रेत दुपारच्या जेवणाआधी त्याची शेवटची वाईन सगळ्यांनी उभं राहून प्यायची. हॉलिसला एवढंच हवं होतं, की या एका दिवशी रोविनाच्या नावाला कमीपणा येऊ नये. आदल्या आठवड्यात त्याने चार बाटल्या उघडून बघितल्या. चारही ठीक वाटल्या.

मांडवात ऐंशी माणसं उभी राहिली. सगळ्यांनी एक घोट घेतला आणि पेले खाली ठेवले. कोणी बोललं नाही. कोणी हॉलिसकडे बघितलंही नाही. शेजारच्या बागेतल्या बाईने रुमाल तोंडाला लावला. मागून कोणीतरी त्याचा खांदा दाबला. रोविनाला इतकी माणसं मानत होती, असं हॉलिसला वाटलं. त्याला रडू आलं नाही. त्याने आपला पेला पूर्ण प्यायला.

मग एमिल आला. रोविनाला हे काम त्यानेच शिकवलं होतं. आता त्र्याऐंशीचा होता आणि तोंडाने फटकळ.

"चल जरा बाहेर," तो म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांत एकेक पेला होता.

पाण्याच्या कडेला बाकावर दोघं बसले.

"हिवाळ्यात तळघरात काय नवीन आणलं होतंस? लाकूड वगैरे?"

"छताला तुळई घातली. मागच्या नव्हे, त्याच्या मागच्या हिवाळ्यात. जुन्या गोदामाची."

"हं. जुन्या लाकडाचा कुबट वास वाईनला लागतो." एमिलने एक पेला पुढे केला. "ही माझी. वास घे. पुन्हा घे. आता जरा तळ्याची हवा खा."

थोड्या वेळाने त्याने दुसरा पेला दिला. "आता ही तुझी."

हॉलिसने पेला नाकाशी नेला. तो तिथेच धरून राहिला.

"आला?" एमिलने विचारलं.

हॉलिसने मान डोलावली. ओला पुठ्ठा.

"त्या तळघरात रोज वावरणाऱ्याला तो वास येत नाही, हॉलिस. नाकाला सवय होते. तुझा दोष नाही. पण कोणी तीन महिने बाहेर राहून आत आलं असतं, तर त्याला पहिल्या पेल्यालाच कळलं असतं."

"तिला कळलं होतं," हॉलिस म्हणाला.

तिचं नाक शाबूत होतं, तिला तेवढं सांगायचं राहिलं.