म्हातारीला अक्कलदाढ

"पास झाली, काका," तपासनीस मुलगी म्हणाली आणि तिने काचेवर हिरवी खूण चिकटवून गाडीचा नवा मेंदू सुरू केला. सबनीसांचा जीव भांड्यात पडला. चालकाला अडवू शकेल असा मेंदू नसलेली गाडी नव्या नियमाने भंगारात जात होती. "म्हातारीला अक्कलदाढ कशाला, साहेब?" असे म्हणून इस्माईल मिस्त्री हसला होता, तरी सबनीसांनी या जुन्या मोटारीत तो मेंदू हट्टाने बसवून घेतला होता.

कारण मागे बसलेल्या कुमुदताई. घर, मुले, सारे त्या विसरल्या होत्या. ही गाडी सबनीस चालवू लागले, की तेवढ्यापुरते त्या नवऱ्याला ओळखत.

"अहो, निघायचं ना?"

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन गप्पच राहिले.

"आपला हात थरथरतो आहे, नजरही मंदावली आहे," गाडी सौम्यपणे म्हणाली. "आपण मागे बसा. मी चालवते."

"अगं, घरापर्यंत तरी! पाया पडतो तुझ्या."

"क्षमा करा. मला त्यासाठीच बसवलं आहे."

मागून हॉर्न वाजू लागले. अखेर सबनीस मागे जाऊन बसले. गाडी आपोआप निघाली. कुमुदताईंनी पुढच्या रिकाम्या जागेकडे भांबावून पाहिले, पदर सावरला आणि दाराकडे सरकत अदबीने विचारले, "भाऊसाहेब, आपल्याला कुठं उतरायचंय?"