मागचे फूटरेस्ट

रोज सोलापूर ते मंगळवेढा आणि परत, म्हणजे शंभराच्या वर किलोमीटर. शाळेत क्लार्क असलेल्या संगमेशनं त्यासाठी अठरा वर्षं जुनी मोटरसायकल निवडली, तीही इंजिनाला कान लावून. किल्ली देताना जुने मालक आबासाहेब एवढंच म्हणाले, "कामती फाट्याला जरा हळू घ्या. गाडीला सवय हाय."

म्हाताऱ्याला बोलायला काय, असं म्हणत संगमेशनं चेन, क्लच वायर आणि दोन्ही टायर नवे टाकले.

पहिल्याच सकाळी कामती फाट्यावर मागं 'खट्ट' वाजलं. बघतो तर मागचे दुमडलेले फूटरेस्ट खाली आलेले. मंगळवेढ्यात शिरताच पुन्हा 'खट्ट', आणि दोन्ही आपोआप वर.

गुरु मेस्त्रीनं स्प्रिंगा बदलल्या. खट्ट. मग फूटरेस्ट तारेनं आवळून बांधले. खट्ट, आणि तार नीट गुंडाळून सीटच्या पट्ट्यात खोचलेली.

"काढूनच टाका की ते!" संगमेश वैतागला. मेस्त्रीनं काढले.

दुसऱ्या दिवशी कामतीला चिडीचूप. संगमेश शिट्टी वाजवत मंगळवेढ्याला पोचला. गाडी स्टँडवर लावताना मात्र नाकात जळका वास शिरला. त्यानं वाकून सायलेन्सर बघितला आणि त्याची शिट्टी बंद झाली.

संध्याकाळी तो गॅरेजच्या भंगारात फूटरेस्ट शोधत होता.

"आता परत कशाला?" मेस्त्रीनं विचारलं.

संगमेशनं बाहेर उभ्या गाडीकडं एकदा बघून आवाज खाली आणला.

"लई अवघड झालं वो. त्यांच्या चपला जळाल्या."