सातची ठकठक

ठक. ठक. ठक.

रोडिकाने पळी तशीच पातेल्यात सोडली आणि धावत जाऊन मिरुनाला उचललं. चार वर्षांची पोर जमिनीवर बसून बाहुलीला भरवत होती. आवाज म्हणावा असं तिने काहीच केलं नव्हतं. पण हीटरच्या पाइपावर खालून ठोके पडले होते, रोजच्यासारखे, बरोबर सकाळी सात वाजता.

"मी काय केलं?" मिरुनाने कुजबुजत विचारलं. या घरात आल्यापासून ती कुजबुजूनच बोलायची.

"काही नाही. गप बस."

ठोक्यांचा अर्थ रोडिकाला पक्का ठाऊक होता. मोल्दोव्हातून जर्मनीत आल्यावर पहिल्या गावात खालच्या मजल्यावरचा माणूस झाडूच्या दांड्याने छतावर ठोकायचा. पोरगी धावते, खुर्ची सरकते, नळ वाजतो. आधी ठोके, मग घरमालकाला पत्र, मग सामान रस्त्यावर. तो अख्खा हिवाळा नवरा, ती आणि पोर अशा तिघांनी चुलतदिराच्या एका खोलीत अंग चोरून काढला होता.

हे घर मिळालं ते इथे राहायला कुणी तयार नव्हतं म्हणून. कोळशाची खाण बंद पडली आणि जर्मनीच्या पूर्वेकडचं हे शहर पोटापाण्यासाठी पश्चिमेकडे निघून गेलं. त्यांच्या जिन्यात दहा दारं होती आणि घंट्यांवर नावं दोनच. तिसऱ्या मजल्यावर त्यांचं, दुसऱ्यावर म्हाताऱ्या नोआकबाईंचं. किल्ली देताना गृहसंस्थेच्या माणसाने स्पष्टच सांगितलं होतं, "दोन घरं आहेत तोवर जिना चालू ठेवू. एकच उरलं, तर त्यालाही निघावं लागेल, पाणी तोडून जिन्याला कुलूप. आणि तुमचा करार सहा महिन्यांचा. तक्रार आली नाही, तर पुढचं बघू."

मग काय, रोडिकाने घरात पार आवाजबंदीच करून टाकली. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे चढवले. जुन्या बाजारातून दोन गालिचे आणून एकावर एक अंथरले. मिरुनाला टाचा न टेकता चालायला शिकवलं. कपडे धुण्याचं यंत्र दुपारी बारालाच लावायचं, तेही म्हातारी पिशवी घेऊन बाहेर गेलेली खिडकीतून दिसल्यावर. एवढं करूनही ठोके थांबेनात. उलट वाढले. तिनाचे सहा झाले. घर जितकं शांत होई, तितकी म्हातारी चेकाळत होती.

एकदा जिन्यात दोघी समोरासमोर आल्या. नोआकबाई कठडा धरून उभ्या राहिल्या, वाट अडवूनच म्हणा ना. काहीतरी विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि रोडिकाची बोबडी वळली. "माफ करा, माफ करा," म्हणत ती पोरीला ओढत वर पळाली.

तिचा नवरा पेत्रू मालाचा ट्रक चालवायचा आणि रविवारीच घरी यायचा. फोनवर तो उखडला, "म्हातारीला काही कामधंदा नाही का? तूही ठोक की उलटे चार!"

"डोकं फिरलंय तुझं? घर जाईल हातचं."

"मग पोरीला पंख लाव. जमिनीला पायच नको."

रोडिकाला हसू आलं नाही.

आणि त्या गुरुवारी सात वाजले, पण ठोके पडलेच नाहीत. सव्वासात झाले. मिरुना दुधाचा पेला हातात धरून पाइपाकडे बघत होती. रोडिकाला अर्थ लगेच कळला. म्हणजे ठोकून झालं, आता पत्र गेलं. आदल्या संध्याकाळी तिच्या हातून झाकण पडलं होतं, ते तिला आठवलं. भर हिवाळ्यात पोरीला घेऊन पुन्हा कुणाच्या दारात उभं राहायचं?

ती उठली. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये चार वाक्यं मनाशी घोकली आणि खाली जाऊन घंटी दाबली.

दार लगेच उघडलं. नोआकबाईंच्या अंगात कोट होता आणि मागे भिंतीला लागून खोकी उभी होती, दोरीने बांधलेली.

"बाई, पत्र नका लिहू," रोडिका एका दमात बोलली. "पोरगी लहान आहे. आम्ही आणखी हळू चालू."

"कसलं पत्र?" म्हातारी तिच्याकडे बघतच राहिली. "मी चाललेय. मुलगी न्यायला येतेय दुपारी. ती म्हणते, अशा ओसाड जिन्यात एकटी मरून पडलीस तर महिनाभर कुणाला कळायचं नाही. खरंच आहे तिचं. एरिका होती तोवर ठीक होतं."

"कोण एरिका?"

"तुमच्याच घरात राहायची. एकतीस वर्षं. सकाळी सातला मी तीनदा ठोकायचे, वरून ती तीनदा. म्हणजे दोघी जिवंत. मग लागायचं कामाला." नोआकबाईंनी डोळे पुसले. "ती लेकाकडे गेली आणि तुम्ही आलात. इतकी खूश झाले होते मी! दोन महिने रोज ठोकतेय. तुमचं ना उत्तर, ना पावलाचा आवाज. आज म्हटलं, जाऊ दे."

रोडिकाची घोकलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"आम्हाला वाटलं," ती कशीबशी म्हणाली, "आमचा आवाज होतो, म्हणून तुम्ही ठोकता."

"अहो," म्हातारी म्हणाली, "तुमचा आवाज यावा म्हणूनच तर ठोकत होते."