एकापुरती फळं

काट्यावर उभं राहिलं की त्याला आकडा दिसायचा नाही. मधे पोट यायचं. म्हणून मुलगी खाली उकिडवी बसून आकडा वाचायची आणि तो निकाल ऐकायला आलेल्या आरोपीसारखा भिंतीकडे बघत राहायचा.

"वाढलंय," मुलगी म्हणाली.

"काटा बिघडला असेल."

"नवा आहे, बाबा."

"मग शर्टाचं असेल. कापड जाड आहे."

मुलीने नुसतं वर पाहिलं. त्याने शर्ट काढला. आकडा होता तिथेच राहिला, पोट मात्र उघड्यावर आलं.

हसावं की रडावं अशी गोष्ट होती. ट्रकांच्या वजनकाट्यावर त्याने जन्म काढला होता. कोणी चोरून जास्त माल भरलाय का, यावर त्याची बारीक नजर असायची. आता त्याच्यावर तशीच नजर ठेवायची वेळ मुलीवर आली होती.

दुःखाने माणूस खंगतो म्हणतात. बायको गेल्यावर या गड्याने उलट बाळसं धरलं. जिना चढताना तो मधल्या वळणावर बसायचा. कोणी आलं की बुटाची नाडी बांधायचं सोंग करायचा. एकदा तर पायात चपला असताना केलं.

डॉक्टरांनी दम दिला. मुलीने त्याहून मोठा दिला. पाव बंद, बिस्किटं बंद, साखर बंद. सकाळ-संध्याकाळ ताजी फळं खायची, तीसुद्धा बघून घ्यायची. "महिन्याभरात वजन उतरलं नाही तर या घराला कुलूप, आणि तुम्ही माझ्याकडे," ती म्हणाली होती.

मुलीचं घर चांगलं होतं. लिफ्ट होती, जावई शांत होता. पण त्या घरात बायको कधी राहिली नव्हती. इथे स्वयंपाकघराच्या दाराशी तिचा हात टेकून टेकून भिंतीवर काळपट डाग पडला होता. रंगवायला आलेल्या माणसाला त्याने तेवढ्यासाठी परत पाठवलं होतं. म्हणून त्याने पथ्य अगदी इमानाने पाळलं. आणि आज महिना संपला होता.

"खरं सांगा, बाबा. माझ्या पाठीमागे काय खाता?"

"तुझी शपथ. फळंच."

"माझी शपथ घेऊ नका. मला अजून जगायचंय."

तिने कपाटं उघडली. बिस्किटांचा डबा रिकामा होता. साखरेच्या बरणीला मुंग्यासुद्धा विचारत नव्हत्या. शेवटी तिने फळांची टोपली पुढे ओढली आणि एकेक फळ दाबून बघायला लागली. एक पेरू कडक, दुसरा पार पिकलेला. एक पेअर कडक, दुसरं बोट लावताच दबणारं.

"हे असे मऊ का आणता? तुम्हाला तर आवडत नाहीत. चिखल खाल्ल्यासारखं वाटतं म्हणायचात."

"ते माझे कुठे आहेत?" तो सहज म्हणाला. "तिला कडक चावत नाही."

बोलला आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं.

मुलीने हातातलं फळ टोपलीत ठेवलं. खालून कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, तिचा खरखर आवाज तेवढा येत राहिला.

फळवालीच्या हातगाडीपाशी तो रोज नीट पारखून फळं घ्यायचा. देठ बघायचा, वास घ्यायचा. आधी एक कडक उचलायचा, मग एक मऊ. लग्नापासूनची सवय. हाताने कधी त्याला विचारलं नाही आणि त्याने कधी हाताला विचारलं नाही.

"मग ते खातं कोण?" मुलीने हळू विचारलं.

"टाकवत नाही गं." तो ओशाळला. "आधी ते संपवतो, डोळे मिटून. मग तोंडातली ती चव जावी म्हणून माझं."

सकाळ-संध्याकाळ दोघांची फळं एकाच पोटात चालली होती. वजन वाढलं नसतं तरच नवल.

मुलीने पदराने नाक पुसलं. "उद्या मी बरोबर येते. एकापुरतीच फळं घ्यायची. जमलं तर इथेच राहा. नाही जमलं तर बॅग भरायची."

सकाळी दोघं हातगाडीपाशी उभी राहिली.

"या काका," फळवाली म्हणाली. "आज बरोबर पोलीस आणलाय वाटतं. नेहमीसारखंच ना?"

"नाही." त्याने घसा खाकरला. "आजपासून एकापुरतं."

फळवालीने पिशवी उघडून धरली.

त्याने एक पेरू उचलला. हिरवा, टणक, दाताखाली करकर वाजेल असा. मग सवयीने दुसरा हात पुढे गेला आणि एक पिवळा, मऊ पेरू त्या हातात आला. दोन्ही हातांत दोन पेरू घेऊन तो उभा राहिला. मागे एक गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मुलगी त्याच्या हातांकडे बघत होती.

मग त्याने हिरवा पेरू ढिगावर परत ठेवला आणि पिवळा पिशवीत टाकला.

"अहो बाबा," मुलगी कळवळून म्हणाली, "हा तुम्हाला आवडत नाही."

"तेच बरंय," तो म्हणाला. "वजन उतरेल."