वायर गुंडाळलेला फ्लॅश

रंजिताने बोनकोड्यातल्या आपल्या स्टुडिओचे शटर उचलले, कॅमेऱ्याची काच पुसली आणि दोन्ही फ्लॅश स्टँडवर चढवले. दारावर ‘दुकान देणे आहे’ हा कागद तिने कालच लावला होता. कॅमेऱ्यावरच्या ट्रिगरचा इशारा उजव्या फ्लॅशला कधी पोचे, कधी नाही. आणि नवरा विपुल वारल्यापासून ते दुखणे जाणणारे कोणी उरले नव्हते.

पहिले गिऱ्हाईक दिवाळे गावची गोजराआजी. “अगो, बेगीन काढ! मेल्यावर भितीला लावाचा हाय, जरा चांगला येवं दे.”

रंजिताने बटण दाबले. डावा फ्लॅश उडाला, उजवा मुकाच राहिला. आजीचा अर्धा चेहरा अंधारात गेला.

दुसऱ्या वेळीही उजवा उडाला नाही. फोटोत मात्र आजी दोन्ही अंगांनी उजळली होती.

“त्या कोपऱ्यानचा दिवा बरा लागला,” आजी म्हणाली.

कोपऱ्यात विपुलचा जुना फ्लॅश होता, त्यानेच गुंडाळून ठेवलेल्या वायरसकट; प्लग कुठेच लावलेला नव्हता. रंजिताने हात लावला. काच गरम होती.

वायर न सोडताच तिने तो उजव्या फ्लॅशच्या जागी स्टँडवर चढवला. दारावरचा कागद अलगद काढून घडी घातली, आणि कॅमेऱ्यामागे येऊन ती म्हणाली, “आजी, हस आता.”